तिसऱ्या वळणावरचं शिळं पाणी

आगाशे डॉक्टरांच्या घरी रोज सकाळी सहा वाजता स्वयंपाकघरातली तांब्याची कळशी सिंकमध्ये रिकामी केली जाते. कालचं पाणी शिळं झालं, एवढाच त्यामागचा विचार. डॉक्टर श्रीनिवास आगाशे पुण्याचे, नारायण पेठेतले. त्यांच्या लहानपणी नळाला पाणी आलं की पहिलं काम म्हणजे कालचं ओतून द्यायचं, भांडी विसळायची आणि ताजं भरून ठेवायचं. पुढे ते भूलतज्ज्ञ झाले, मँचेस्टरजवळच्या एका हॉस्पिटलात सत्तावीस वर्षं त्यांनी लोकांना झोपवलं आणि बहुतेकांना उठवलं, इंग्लंडातल्या नळाचं पाणी कधीच जात नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, निवृत्त झाले. कळशी मात्र रोज रिकामी होत राहिली.

त्यांची बायको अलका लातूरची. तिच्या माहेरी पाणी आठव्या दिवशी यायचं, उन्हाळ्यात पंधराव्या. आलं की हंडे-घागरींपासून सुरुवात करून लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांपर्यंत सगळं भरून घ्यायचं आणि तरी नळ चालू असला तर वाट्या भरायच्या. त्या घरात पाण्याला शिळं म्हणणं म्हणजे आईला म्हातारी झाली म्हणून दाराबाहेर बसवण्यासारखं होतं. लग्नानंतर पहिली दोन वर्षं अलका या विषयावर भांडली. मग तिने सिंकमध्ये बादली ठेवायला सुरुवात केली. डॉक्टर बादली उचलून बाजूला ठेवत आणि मग पाणी ओतत, कारण सिंकमध्ये बादली त्यांना अस्वच्छ वाटे. शेवटी तिने विषय सोडला. एकतीस वर्षांच्या संसारात असे सोडून दिलेले विषय दोघांकडेही बरेच साठले होते, आणि संसार ठीक चालला होता.

आता अशा बाईला इंग्लंडात येऊन काय काम मिळावं? दर शनिवारी चाळीस हजार लिटर पाणी मातीत ओतायचं.

मँचेस्टरहून उत्तरेला निघालं, ट्रॅमचा शेवटचा स्टॉप मागे टाकला आणि मेंढ्यांची शेतं लागली की हॅदरशॉ नावाचं गाव येतं, आणि गावाच्या टोकाला अंडाकृती मातीचा ट्रॅक. माती लालसर, जुन्या खाणींच्या जळक्या दगडाचा चुरा. तिला तिथे शेल म्हणतात. तिच्यावर ज्या गाड्या पळतात त्या स्प्रिंट कार. म्हणजे नळ्यांचा एक सांगाडा, मधे एक माणूस, डोक्यावर दाराएवढा पत्र्याचा पंख. पुढची चाकं एका दिशेला, मागची दुसऱ्या, आणि गाडी आडवी होऊन वळणावरून घसरत जाते. हे मुद्दाम करतात. माती ओली असली तर चाकं तिला धरतात आणि शर्यत बघण्यासारखी होते. कोरडी असली तर नुसती धूळ उडते आणि पुढचा माणूस मागच्याला दिसत नाही. म्हणून ट्रॅक्टरला पाण्याची टाकी जोडून ट्रॅकवर पाणी मारणारा माणूस लागतो. गेली अकरा वर्षं तो माणूस म्हणजे अलका आगाशे, वय छप्पन्न, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, गळ्यात मंगळसूत्र आणि कानांवर आवाज रोखणारे मोठे हेडफोन.

ती तिथे पोचली डॉक्टरांमुळे. डॉक्टर हजर असल्याशिवाय शर्यत सुरू करायची नाही असा नियम आहे, आणि एका उन्हाळ्यात मित्राच्या जागी आगाशे डॉक्टर अँब्युलन्समध्ये बसायला गेले. अलका डबा घेऊन सोबत गेली. तिथे तिने भर दुपारी एक म्हातारा ट्रॅकवर धो धो पाणी सोडताना पाहिला. तासभर तिने दम धरला. मग ती कुंपण ओलांडून त्याच्याकडे गेली आणि सांगितलं, की उन्हात ओतलेलं अर्धं पाणी ऊनच पिऊन जातं. संध्याकाळी मारा, सकाळी मारा, आणि एकदा जाड मारण्याऐवजी दोनदा पातळ मारा. म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, कंबरेवर हात ठेवला आणि म्हणाला की पुढच्या महिन्यात त्याच्या खुब्याचं ऑपरेशन आहे. ट्रॅक्टरची किल्ली त्याने त्याच दिवशी तिच्या हातात दिली.

मराठी मंडळात डॉक्टर सांगत, "अलका वॉटर मॅनेजमेंटमध्ये आहे." लोकांना वाटे, काहीतरी सरकारी असणार. लातूरला आईला मात्र अलकाने खरं सांगितलं होतं, की मी टँकर चालवते. आईची छाती अभिमानाने फुलली. तिच्या गल्लीत टँकरवाल्याइतका मान नगरसेवकालाही नव्हता. टँकर कुणाच्या दारी जातो हे आईने विचारलं नाही आणि अलकाने सांगितलं नाही. गाड्या नीट घसराव्यात म्हणून आपण जमिनीवर पाणी ओततो, हे वाक्य तिला लातूरच्या फोनवर उच्चारताच येत नसे.

तर यंदाच्या ऑगस्टची गोष्ट. बँक हॉलिडेची, म्हणजे सोमवारच्या सरकारी सुट्टीची जोडून सुट्टी, शनिवार, रविवार, सोमवार, तीन दिवस शर्यती, वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी. आणि त्या उन्हाळ्यात इंग्लंडात पाऊसच नव्हता. नळाला रबरी पाइप लावायला बंदी झाली होती, हिरवळी पिवळ्या पडल्या होत्या आणि शेजारीपाजारी याबद्दल अतिशय दुःखाने बोलत होते. अलकाला त्यांच्याशी काय बोलावं हे कळत नसे. नळाला तर पाणी येतच होतं.

शुक्रवारी दुपारी साराने तिला ऑफिसच्या खोलीत बोलावलं. सारा म्हणजे ट्रॅकची मालकीण, वडिलांच्या मागे एकटीने सगळं ओढणारी, पंचेचाळिशीची बाई. तिने टेबलावर कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, पत्र ठेवलं. तिसऱ्या वळणाच्या पलीकडे आठ वर्षांपूर्वी नवी घरं झाली होती. ट्रॅक तिथे साठ वर्षं आहे हे त्या लोकांना घरं घेताना दिसलं होतं, पण धूळ नंतर दिसली. तक्रारी झाल्या, कौन्सिलने दोनदा धूळ मोजली, दोन्ही वेळा जास्त भरली. आता सोमवारी तिसऱ्यांदा मोजणार.

"या वेळी आकडा पन्नासच्या वर गेला तर लायसन्स जाईल," सारा म्हणाली. "बिल्डर आधीच दोनदा येऊन गेलाय. पाणी किती आहे आपल्याकडे?"

पाणी अलकाला तोंडपाठ होतं. मोठ्या टाकीत साठ हजार लिटर. बोअर आटत चालली होती, रात्रभरात पाच हजार द्यायची. तीन दिवसांना लागणार एक लाख वीस हजार.

"पुरवते," अलका म्हणाली.

ज्या माणसाने वाट्या भरून ठेवल्या आहेत त्याच्या तोंडच्या 'पुरवते'चा अर्थ साराला कळण्यासारखा नव्हता. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी ट्रॅक्टरकडे जाताना अलका मनात दुसराच हिशेब करत होती. हा ट्रॅक गेला तर सारा कुठेतरी नोकरी करील, गाड्या दुसऱ्या ट्रॅकवर जातील. आपण काय करायचं? पुन्हा डॉक्टरांची मिसेस व्हायचं, मंडळात तिळगूळ वाटायचा आणि सकाळी सहाला सिंकमधला आवाज ऐकत पडायचं. आयुष्यात एकच गोष्ट तिला बाकी सगळ्यांपेक्षा चांगली येत होती, ती म्हणजे थोडं पाणी पुरवणं, आणि ती येते हे माहीत असलेली जगातली एकमेव जागा ही होती. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नाही. डॉक्टरांना तर नाहीच.

शनिवारी पहाटे पाचला तिने पहिली पातळ फेरी मारली. सातला दुसरी. कुठल्या वळणाला किती, हे ती चिमटीत माती घेऊन ठरवायची. चिमूट वळली तर बास. दिवसभरात तीस हजारांत तिने शनिवार काढला. आणि एक गोष्ट केली जी त्या ट्रॅकवर कुणाला सुचली नव्हती. शर्यत झाली की गाड्या धुवायच्या जागी नेतात. पंखावर, चाकांवर बोटबोट चिखल असतो, तो जोराच्या फवाऱ्याने काढतात. ते पाणी तेल वेगळं करणाऱ्या कुंडातून जाऊन गटारात पडायचं. अलकाने कुंडाच्या तोंडाला पंप लावला आणि ते पाणी उंचवट्यावरच्या एका जुन्या, बिनवापराच्या टाकीत चढवलं. तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला घालतात, त्यातलाच प्रकार. रविवार तिने अठ्ठावीस हजारांत काढला आणि संध्याकाळी जुन्या टाकीत काठी बुडवून पाहिली. चौदा हजार लिटर. तपकिरी, फेसाळ, वर एक पालापाचोळ्याचा थर. तिला ते पाणी इतकं सुंदर दिसलं की तिने त्याचा फोटो काढला.

मोठ्या टाकीत सोमवारसाठी बारा हजार होणार होते. बारा आणि चौदा सव्वीस. सोमवार निघत होता.

दोन दिवस पहाटे चारला उठून तिचे डोळे लाल झाले होते. रविवारी जेवताना डॉक्टर म्हणाले, "उद्या मी येतो मदतीला."

"तुम्ही?"

"मग काय झालं? रिटायर्ड माणूस आहे. तू सांग, मी करतो. नुसता बसून टीव्ही बघण्यापेक्षा बरं."

एकतीस वर्षांत डॉक्टरांनी तिच्या कामाला मदत करतो म्हणण्याची ही पहिली वेळ. अलकाला बरं वाटलं. तिने त्यांच्यासाठी बुटांचा जुना जोड शोधून काढला.

सोमवारी सकाळी सातला तिने त्यांना उंचवट्यावर नेलं आणि सोपं काम दिलं. "अहो, बोअरचा पाइप मोठ्या टाकीतून काढा आणि या जुन्या टाकीत सोडा. दुपारपर्यंत येईल तेवढं इथे येऊ दे. मी तोवर पहिल्या वळणावर लेव्हलिंग करते."

"एवढंच ना?" डॉक्टर म्हणाले. "जा तू. डोन्ट वरी."

ती गेली. डॉक्टरांनी पाइप आणला, शिडी चढून टाकीत डोकावले, आणि थांबले. आत काय होतं ते वर सांगितलंच आहे. या घाणीत ताजं पाणी सोडायचं? कुणीही सुजाण माणूस जे करील ते त्यांनी केलं. खाली उतरून त्यांनी टाकीच्या बुडाचा व्हॉल्व्ह शोधला. तो गंजला होता. दोन्ही हात लावून, दात-ओठ खाऊन त्यांनी तो उघडला. टाकी रिकामी व्हायला चाळीस मिनिटं लागली. मग त्यांनी कुठूनसा खराटा आणला, बोअरच्या पाण्याने टाकी आतून घासली, दोनदा विसळली, व्हॉल्व्ह बंद केला आणि पाइप आत सोडला.

नऊ वाजता अलका परत आली तेव्हा ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, घाम पुसत, अतिशय समाधानाने उभे होते.

"झालं," ते म्हणाले.

"काय झालं?"

"टाकी. काय घाण झाली होती अगं. सगळं शिळं पाणी होतं. आता ताजं भरतोय."

अलका शिडी चढली. आत घोटाभर स्वच्छ पाणी होतं. ती उतरली आणि ट्रॅक्टरच्या पायरीवर बसली. डोक्यात नुसता हिशेब सुरू झाला: रोज दोन लिटर, वर्षाला सातशे तीस, एकतीस वर्षांचे साडेबावीस हजार. आणि आज एका दमात चौदा. याच माणसाने हजारो लोकांना भूल देताना एकेक थेंब मोजून औषध दिलं होतं. तिला वाटलं, इथून उठावं, ट्रॅक्टर सुरू करावा आणि याला इथेच सोडून सरळ निघून जावं, ट्रॅक्टर जाईल तिथपर्यंत.

"अगं, काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही," अलका म्हणाली. संसारात हे उत्तर द्यायची सवय लागते.

मग तिने खाली पाहिलं. पाणी गेलं होतं ते हवेत विरलं नव्हतं. उंचवट्याच्या उतारावरून ओघळत ते ट्रॅकच्या तिसऱ्या वळणावर उतरलं होतं आणि तिथे बसून राहिलं होतं. सगळं वळण आतपासून बाहेरपर्यंत घोटाभर चिखल. पलीकडे कुंपण, आणि कुंपणापलीकडे ती घरं.

बारा हजार लिटर शिल्लक होते. तिच्या रीतीने मारायचं तर सगळ्या ट्रॅकला दोन पातळ फेऱ्या, प्रत्येक वळणाला सारखा वाटा, कुणावर अन्याय नाही. पण बारा हजारांत अशा फेऱ्या मारल्या तर दोन शर्यतींत सगळा ट्रॅक सारखाच कोरडा होणार, आणि धूळ घरांकडे जाणार. तिसरं आणि चौथं वळण घरांच्या बाजूला, पहिलं-दुसरं प्रेक्षकांच्या. सगळं पाणी एकाच बाजूला ओतायचं आणि दुसरीला थेंबही द्यायचा नाही, असा विचार तिच्या मनात जन्मात आला नव्हता. लातूरला असं करणाऱ्या बाईशी गल्लीत कुणी बोललं नसतं.

"अहो," ती म्हणाली, "तो खराटा घेऊन या."

तिसऱ्या वळणावर इतका चिखल असून चालत नाही, गाड्या रुततात. कुंपणाच्या कडेला वर्षानुवर्षं उडून साठलेली कोरडी शेल होती. ट्रॅक्टरच्या पात्याने ती ओढून तिने चिखलात मिसळली, पुन्हा ओढली, पुन्हा मिसळली. जिथे पातं पोचत नव्हतं तिथे डॉक्टर खराट्याने ढकलत होते. का, हे त्यांनी विचारलं नाही. काहीतरी आपल्या हातून बिनसलंय एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं. मग तिने साराला सांगून एकवीस गाड्या बाहेर काढल्या आणि त्यांना अर्धा तास बैलाच्या चालीने तिसऱ्या-चौथ्या वळणावरून फिरवलं, माती दाबून घ्यायला. बारा नंबरच्या गाडीचा ड्रायव्हर एरवी प्लंबर होता. तो गाडीतून उतरून म्हणाला, की इथे भात लावणार आहात का? अलका म्हणाली, की पाणी वाया घालवणाऱ्या धंद्यातल्या माणसाने मला पाण्याबद्दल सांगू नये. तो पुन्हा गाडीत बसला.

अकरा वाजता तिने मोठ्या टाकीतले बारा हजार लिटर काढले आणि सगळेच्या सगळे चौथ्या वळणावर आणि तिसऱ्याच्या कडांवर मारले. पहिल्या-दुसऱ्या वळणावरून रिकामी टाकी घेऊन परत येताना तिने तिकडे पाहिलंही नाही.

बारा वाजता कौन्सिलचा माणूस आला. तिपाईवर एक डबा ठेवून त्याने तो घरांच्या कुंपणापाशी उभा केला. उंच, चष्मेवाला, तिशीतला. अलकाने त्याला लांबूनच ओळखलं. अंशुमन, रविवारच्या मराठी शाळेत वीसेक वर्षांपूर्वी ती शिकवायची त्या वर्गात होता.

साराही त्याचं नाव ऐकून होती. "तो तुमच्यातला आहे ना? जाऊन जरा बोल की."

"माझ्यातला आहे म्हणूनच बोलणार नाही," अलका म्हणाली. "मी त्याला बाराखडीत तीनदा नापास केलंय."

डॉक्टरांना मात्र हे माहीत नव्हतं. ते थर्मासमधला चहा घेऊन परस्पर त्याच्याकडे गेले. अंशुमन दोन पावलं मागे सरकला.

"नको काका. मी ड्यूटीवर आहे. चहा घेतला तर मला फॉर्म भरावा लागतो." मग त्याला अलका दिसली. "अलका काकू? तुम्ही इकडे काय करता?"

"पाणी मारते," अलका म्हणाली. "तुझं मशीन चालू आहे का?"

"हो, माझा मशीन चालू आहे."

तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून तो लगेच म्हणाला, "माझं. माझं मशीन."

शर्यती सुरू झाल्या. पहिल्या-दुसऱ्या वळणावरून धुळीचे लोट उठले आणि सरळ प्रेक्षकांवर गेले. लोकांच्या चिप्स लाल झाल्या, बिअर लाल झाली, लहान मुलांचे चेहरे लाल झाले. ते लोक साठ वर्षं हेच खायला येतात. कुणी जागचं हललं नाही. तिसऱ्या वळणावर गाड्या शिरायच्या, मातीचे ओले गोळे उडवत आडव्या व्हायच्या आणि बाहेर पडायच्या. धूळ नाही. अलका कुंपणाला टेकून उभी होती आणि गाड्यांकडे नाही, त्यांच्या मागच्या हवेकडे बघत होती. दर शर्यतीनंतर ती वाकून चिमूट घ्यायची. तीन वाजता चिमूट वळत होती. चारला वळता वळता सुटत होती.

शेवटची शर्यत साडेचारला, वीस फेऱ्यांची. दहाव्या फेरीपर्यंत ठीक होतं. चौदाव्या फेरीला वाऱ्याने दिशा बदलली. दुसऱ्या वळणावर दोन गाड्या एकमेकींना घासल्या, एक गरगर फिरली, आणि तिथून उठलेला लाल ढग प्रेक्षकांकडे न जाता ट्रॅकच्या मधून सावकाश तिरपा निघाला, घरांच्या दिशेने. अलकाचा हात गळ्यातल्या मंगळसूत्रावर गेला. शेजारी डॉक्टर उभे होते, खराटा अजून हातात. ढग चौथ्या वळणावरून गेला, विरळ झाला, अंशुमनच्या डोक्यावरून गेला. अंशुमनने डब्यावर वाकून पाहिलं. बराच वेळ तो वाकूनच होता.

शर्यत कोण जिंकलं, ते अलकाला आजही माहीत नाही.

पाच वाजता अंशुमन तिपाई काखेत मारून तिच्याकडे आला. "काकू, हायेस्ट शेहेचाळीस गेला. फॉर्टी-सिक्स. घराकडे धूळ आला नाही."

"आली नाही."

"आली नाही. रिपोर्टमध्ये पास लिहिणार." तो जायला वळला आणि थांबला. "मला शेहेचाळीस बरोबर आलं ना?"

"बरोबर आलं," अलका म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, आपल्या मराठीमुळे. तो खूश होऊन गेला.

सारा धावत आली, तिने अलकाला मातीसकट मिठी मारली. सगळं पाणी एकाच बाजूला ओतायचं धाडस कसं झालं, कसं सुचलं, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. अलकाने डॉक्टरांकडे पाहिलं. ते थोडं लांब, बुटांवरचा चिखल काडीने खरवडत होते. नळ समोर असूनही काडीने.

"तिसऱ्या वळणाला पाणी डॉक्टरांनी सोडलं," ती म्हणाली. "सकाळी सातलाच. मी नंतर आले."

यात एक शब्द खोटा नव्हता. पाच मिनिटांनी लाउडस्पीकरवरून साराचा आवाज आला: आजच्या ट्रॅकचं श्रेय डॉक्टर आगाशे यांना. लाल तोंडांच्या दीड हजार लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्लंबरने येऊन डॉक्टरांच्या हातात बिअर दिली. डॉक्टर काडी हातात धरून उभे राहिले आणि इतके अवघडले की त्यांनी लोकांना नमस्कार केला.

परतताना गाडी अलका चालवत होती.

"अगं," डॉक्टर म्हणाले, "त्या टाकीत किती पाणी होतं?"

"चौदा हजार लिटर."

दोन राउंडअबाउट गेले.

"दोन दिवस साठवलं होतंस?"

"हो."

"मला वाटलं, शिळं आहे."

"माहितीये," अलका म्हणाली.

मंगळवारी सकाळी तिला सहाला जाग आली ती पावसाच्या आवाजाने. अडीच महिन्यांनी, बँक हॉलिडे संपल्या संपल्या, धो धो. काचेवरून पाणी ओघळत होतं. ती पडून राहिली आणि सिंकमधला रोजचा आवाज यायची वाट बघू लागली. आवाज आला नाही. मागचं दार उघडल्याचा आला.

ती उठून खिडकीशी गेली. खाली बागेत डॉक्टर उभे होते, नाइट ड्रेसवर, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कळशी. कुंड्यांच्या रांगेपाशी वाकून ते एकेका कुंडीला कालचं पाणी घालत होते. घाई नव्हती. आधी गुलाबाला, मग कढीपत्त्याला, मग पुदिन्याला. पातळ, थोडं थोडं, सगळ्यांना सारखं. पाऊस छत्रीवरून त्यांच्या पाठीवर गळत होता. सगळ्या कुंड्या काठोकाठ भरून वाहत होत्या. कळशी संपली तेव्हा त्यांनी पुन्हा पहिल्या कुंडीपासून सुरुवात केली आणि उरलेले चार थेंब झटकले.

अलकाने खिडकी उघडली. त्यांनी वर पाहिलं.

"काही वाया नाही घालवलं," ते म्हणाले.

"बघितलं मी," ती म्हणाली. "या आत. चहा ठेवते."